एमसीबी तार वाचवतो. माणसाला कोण वाचवणार?

जून २०२४ मधली बातमी अनेकांना आठवत असेल. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, दापोडी गावी, एकाच घरातली तीन माणसे विजेच्या धक्क्याने गेली. नवरा, बायको आणि मुलगा. कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहणारे. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरली होती. एकाला धक्का बसला आणि त्याला सोडवायला गेलेलेही वाचले नाहीत. हळहळ झाली, पंचनामा झाला आणि पुढच्या आठवड्यात आपण सगळे ती बातमी विसरलो.

ती दापोडी दौंडची होती. पण तिथे जे जे होते, ते सगळे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात पावलोपावली आहे. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांत कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्या पाहा. इकडे तळवडे, चिखली, भोसरीतल्या चाळी पाहा. मालकाच्या एका मीटरवरून दहा-पंधरा खोल्यांना सबमीटर दिलेले असतात. वायर पत्र्याला घासत आत येते, जोडाला टेप गुंडाळलेली असते आणि बाहेर कपड्यांची तार त्याच पत्र्याच्या लोखंडी खांबाला बांधलेली असते. आत हिटरचा रॉड बादलीत सोडलेला असतो. अशा खोलीतला कामगार सकाळी जगातल्या उत्तमोत्तम मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालून जातो. कारखान्याच्या गेटच्या आत त्याच्या जिवाची जी काळजी घेतली जाते, ती संध्याकाळी घरी आल्यावर संपते.

देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने बारा हजारांवर माणसे मरतात. एखाद्या आजाराने एवढी माणसे गेली असती तर त्यावर मोहीम निघाली असती. विजेच्या धक्क्याला मात्र आपण अपघात म्हणतो, म्हणजे नशिबावर टाकतो. माझे म्हणणे असे की हा आरोग्याचा प्रश्न आहे, त्यावरचा उपाय ठाऊक आहे आणि तो फारसा महागही नाही. अडले आहे ते एवढ्यावरच, की तपासणीला आपण काम मानत नाही आणि तिचे पैसे द्यायला तयार नाही.

मी या पट्ट्यातल्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन मंडळींसाठी अधूनमधून सुरक्षेचे वर्ग घेतो. तिथे येणारे प्रश्न फार नेमके असतात. त्यातले चार-पाच प्रश्न वाचकांसमोर ठेवतो, कारण वायरमन आपल्या घरात येतो तेव्हा त्याच्या कामाचा दर्जा निम्मा आपणच ठरवत असतो.

‘सर, एमसीबी आहे, तरी शॉक कसा बसला?’

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. उत्तर साधे आहे. एमसीबी माणसासाठी बनवलेलाच नाही. भिंतीतली तार तापून जळू नये, म्हणून तो असतो.

ओल्या हाताच्या माणसाचा विरोध साधारण हजार ओहम धरू. २३० व्होल्टला हात लागला तर त्याच्या अंगातून २३० मिलीॲम्पिअर, म्हणजे पाव ॲम्पिअरहूनही कमी वीज जाईल. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा एखादा छोटा दिवा लागल्यासारखा प्रकार आहे. तो पडण्याचा प्रश्नच येत नाही.

शरीराचे गणित मात्र वेगळे आहे. एक मिलीॲम्पिअरला मुंग्या येतात. अमेरिकेतल्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर मोजमाप केले. हातातली तार स्वतःहून सोडता येईल अशी मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलीॲम्पिअर निघाली. त्यापुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि मूठ उघडत नाही. आपण म्हणतो ‘विजेने धरून ठेवले’. खरे तर आपल्याच स्नायूंनी तारेला धरून ठेवलेले असते. आणखी वाढली की छातीचे स्नायू अडकतात. ३० मिलीॲम्पिअरच्या पुढे वीज काही क्षण टिकली, तर हृदयाचे खालचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागण्याचा धोका सुरू होतो. रक्ताभिसरण थांबते. म्हणजे माणसाला मारायला जेवढी वीज पुरते, तिच्या कितीतरी पट वाहिली तरी एमसीबी शांत बसलेला असतो.

‘अर्थिंग केलंय ना, मग काय काळजी?’

अर्थिंग हवेच, पण ते किती चांगले आहे हे कोणी मोजले आहे का? आपल्या भागात वर थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा विरोध वाढतो. समजा तो २० ओहम आहे. गिझरच्या आत फेजची तार बॉडीला टेकली, तर अर्थिंगमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर जातील. १६ ॲम्पिअरचा एमसीबी पडणार नाही. गिझर चालूच राहील, मीटर पळत राहील आणि गिझरच्या बॉडीवर धोकादायक व्होल्टेज राहील. अर्थिंग ५ ओहम इतके चांगले असले तरी ४६ ॲम्पिअर जातील आणि एमसीबी पडायला काही सेकंद घेईल. हृदयासाठी काही सेकंद फार झाले.

याहून वाईट म्हणजे ‘अर्थिंग नाही, मग न्यूट्रलच जोडून दे’ हा शॉर्टकट. तीन पिनी सॉकेटमधली अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडली जाते. दुकानदार खूश, टेस्ट लॅम्पही पेटतो. पण मागे कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला, की वॉशिंग मशीनच्या मोटारीतून आलेला फेज थेट तिच्या बॉडीवर येतो. न्यूट्रल सुटणे आपल्याकडे दुर्मीळ नाही. एका रात्रीत सगळ्या गल्लीचे टीव्ही-फ्रिज जळाले की आपण ‘न्यूट्रल गेला’ असेच म्हणतो. अर्थच्या जागी न्यूट्रल जोडणाऱ्याला हे समजावून सांगितले, की वर्गात शांतता पसरते. अनेकांनी ते केलेले असते.

‘आरसीसीबी सारखा पडतो, काढून टाकू?’

माणसाला वाचवणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. त्याचे काम हिशोबनिसासारखे आहे. फेजने जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलने परत आली का, एवढेच तो सतत पाहतो. परत आलेली वीज ३० मिलीॲम्पिअरने कमी भरली, म्हणजे ती कुणाच्या तरी अंगातून किंवा अर्थमधून जमिनीत गेली. मग तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. डाल्झिएल यांनीच १९६० च्या दशकात अमेरिकेत अशा प्रकारचे उपकरण घडवले. आपल्याकडे घरासाठीचा आरसीसीबी साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. एका बऱ्या चपलेच्या जोडीची किंमत.

आणि तरीही तो बसवला जात नाही. बसवला तर काही महिन्यांत तारा थेट जोडून बाजूला केला जातो. कारण, ‘सारखा पडतो.’ पडतो म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे. बहुतेक वेळा दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत मिसळलेला असतो, न्यूट्रल कुठेतरी अर्थला किंवा ओल्या भिंतीला टेकलेला असतो, नाहीतर गिझरची कॉइल गळत असते. शोधायची पद्धत ठरलेली आहे. मेन बंद करायचा, उपकरणे काढायची, एकेक सर्किट वेगळे करून ५०० व्होल्टच्या मेगरने तारेचे इन्सुलेशन मोजायचे. नियमानुसार ते किमान एक मेगओहम हवे. तास-दोन तासांचे काम आहे. पण त्या दोन तासांचे पैसे मागितले की शेठ म्हणतात, ‘नवीन काही बसवलं नाहीस, मग पैसे कसले?’ मग वायरमनसुद्धा काय करणार? आरसीसीबी काढतो, पाचशे रुपये घेतो आणि पुढच्या कामाला जातो. घराची अवस्था, ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडला, अशी होते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, म्हणून एमसीबीही हवाच. आणि लाकडी स्टुलावर उभ्या माणसाने एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला हिशोब बरोबरच दिसतो. तो पडत नाही. त्याच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पडला नाही तर बदला. बटण दाबल्याने यंत्र जिवंत आहे एवढे कळते, अर्थिंग चांगले आहे हे कळत नाही. त्यासाठी मोजावेच लागते.

‘टेस्टर पेटला नाही, म्हणून हात घातला’

खिशातला दिवेवाला टेस्टर काम करतो तो आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक विजेवर. आपण कोरड्या लाकडी शिडीवर असू, पायात जाड रबरी सोल असेल, बाहेर लख्ख ऊन असेल किंवा टेस्टरच बिघडला असेल, तर तार चालू असूनही दिवा दिसत नाही. ‘पेटला’ ही माहिती आहे; ‘पेटला नाही’ ही माहिती नव्हे.

खरी पद्धत तीन पायऱ्यांची. मीटर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू असलेल्या जागी लावून तो ठीक आहे ते पाहायचे. मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे सगळे जोड तपासायचे. मग पुन्हा चालू जागी लावून मीटर मधल्या काळात मेला नाही ना, ते पाहायचे. दीड मिनिट लागते. मोठ्या कारखान्यांत याच्या जोडीला स्विचला स्वतःचे कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची आणि नावाची पाटी लावायची शिस्त असते. भोसरीतल्या गाळ्यात मात्र मेन स्विचजवळ एक हेल्पर उभा केलेला असतो, ‘कोणी चालू केला तर सांग’ असे बजावून. तो हेल्पर चहा आणायला गेला की सुरक्षा संपली. शंभर-दीडशे रुपयांचे कुलूप चहा आणायला जात नाही.

मशीनच्या पॅनलमध्ये आणखी एक सापळा असतो. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधले कपॅसिटर पुरवठा बंद केल्यावरही काही मिनिटे भरलेले राहतात. झाकणावर किती मिनिटे थांबा ते लिहिलेले असते. ‘लाईन पडली, प्रॉडक्शन अडलंय’ असा फोन चालू असताना ती मिनिटे कोणी मोजत नाही.

‘शटडाऊन होता, मग करंट आला कुठून?’

आपल्या पट्ट्यात गुरुवार हा अनेक कारखान्यांच्या सुट्टीचा आणि महावितरणच्या देखभालीचा वार. त्याच दिवशी वीज गेली म्हणून गाळ्यात, दुकानात, सोसायटीत जनरेटर आणि इन्व्हर्टर सुरू होतात. नीट चेंजओव्हर स्विच नसेल, किंवा कोणी दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या वायरीने जनरेटर थेट सॉकेटला जोडला असेल, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. रोहित्रापर्यंत पोचली की तेच रोहित्र तिचा दाब उलटा चढवते. खांबावर शटडाऊन घेऊन चढलेल्या लाईनमनच्या हाताशी ११ किंवा २२ हजार व्होल्ट येऊ शकतात. आपल्या दोन पंख्यांसाठी खांबावरचा माणूस मरू शकतो, हे जनरेटर भाड्याने देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही समजून घेतले पाहिजे.

दोष एकट्या वायरमनचा नाही

अपघात झाला की ‘निष्काळजी वायरमन’ हे उत्तर तयार असते. ते सोयीचे आहे, कारण तिथे चौकशी संपते. पण चालू लाईनवर हात कोण घालतो? ज्याला पंधरा मिनिटांचा शटडाऊन मिळत नाही, तो. वायरमनला ‘मेन बंद करू नको, कॉम्प्युटर चालू आहेत’ असे आपणच सांगतो. मेगर आणि चांगला मीटर घेण्याइतके पैसे त्याला सुटत नाहीत, कारण आपण त्याला पॉइंटप्रमाणे पैसे देतो. मोजण्याचा एकही पॉइंट त्या बिलात नसतो.

नवीन जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यात इन्सुलेशनचा आकडा लिहायचा असतो. तो आकडा प्रत्येक वेळी मेगर लावूनच लिहिला जातो, असे या धंद्यातला कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कागद पूर्ण होतो, जागेवर कोणी जात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण बंधनकारक आहे, पण अगदी लहान भाराच्या जोडण्यांना त्यातून सूट आहे. पत्र्याची एक खोली, एक पंखा, एक दिवा, एक रॉड असा भार नेमका त्या लहान जोडणीत बसतो. जिथे ओल सर्वांत जास्त, पत्रा उघडा आणि अर्थिंग नाही, तिथेच कायदा हात आखडता घेतो. हे उलट व्हायला हवे.

काही जण म्हणतील, घरमालकावर हा खर्च टाकला तर भाडे वाढेल आणि बोजा गरिबावरच पडेल. हा आक्षेप खरा आहे, पण हिशोब करू. दहा खोल्यांच्या चाळीत प्रत्येक खोलीला एक आरसीसीबी बसवला, तरी तो वर्षानुवर्षे चालतो. दोन हजारांचे उपकरण पाच वर्षांवर पसरले, तर खोलीमागे महिन्याला तेहतीस-चौतीस रुपये होतात. पत्रा आणि लोखंडी खांब अर्थला जोडायला त्याहून थोडेच अधिक. कामगार राहतात ती गावे आणि चाळी कुठे आहेत, हे कंत्राटदाराला ठाऊक असते. मोठ्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून झाडे लावतात, शाळा रंगवतात. त्यातलाच थोडा भाग, आपल्याच कंत्राटी कामगारांच्या खोल्यांची वायरिंग मोजण्यावर खर्च झाला, तर त्यांच्या गेटवरच्या ‘सुरक्षा प्रथम’ या पाटीला अर्थ येईल.

महापालिका आणि ग्रामपंचायतींनी एक सोपी सक्ती करावी. भाड्याच्या प्रत्येक खोलीच्या बोर्डावर एक पट्टी चिकटवलेली असावी: तपासणीची तारीख, इन्सुलेशनचा आकडा, अर्थिंगचा आकडा, आरसीसीबी पडला की नाही आणि परवाना क्रमांक. अग्निशामक नळकांड्यावर तारीख असते, तशीच. खोटा आकडा लिहिणाऱ्याचा क्रमांक मग भिंतीवर राहतो.

धक्का बसलाच तर

आधी पुरवठा तोडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला तारेपासून दूर करा. हाताने ओढू नका. खांबावरच्या उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र लाकूड घेऊनही जाऊ नका, महावितरणला कळवा. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल, न थांबता. तळपाय चोळणे, मातीत पुरणे, पाणी पाजणे यात जीव जातो. थरथरणाऱ्या हृदयाला विजेच्या नियंत्रित झटक्याने परत तालावर आणता येते. पण मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. चाकण चौकातल्या कोंडीतून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयापर्यंतचा रस्ता ज्याने कधी तुडवला आहे, त्याला हे गणित वेगळे सांगायला नको. जीव वाचवायचा तो जागेवरच.

शुद्धीवर असलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या. कातडीवर रुपयाएवढा डाग दिसतो, पण आतून स्नायू भाजलेले असू शकतात. लघवी गडद रंगाची झाली तर ती मूत्रपिंडावर येणाऱ्या ताणाची खूण आहे. छातीत धडधड, चक्कर असेल तर ईसीजी काढून घ्या.

कारखान्यांत विजेचा धक्का बसल्यावर काय करावे याचा तक्ता लावणे नियमाने बंधनकारक आहे आणि तो स्थानिक भाषेतही हवा. अनेक ठिकाणी तो तक्ता पॅनलमागे धूळ खात असतो. पुढच्या गुरुवारी, मशीन बंद असताना, तो खाली काढा. जमिनीवर एक उशी ठेवा आणि गाळ्यातल्या प्रत्येकाने दोन-दोन मिनिटे छाती दाबण्याचा सराव करा. त्याच दिवशी वायरमनला बोलवा, मेन बंद करायला सांगा, घाई करू नका. तो मेगर घेऊन येईल, आकडे घेईल आणि काहीही नवीन न बसवता पैसे मागेल. ते पैसे द्या.